तुमचे प्रश्न : स्नोडेन गद्दार की हिरो?

मागच्या अंकात फोन टॅपिंगबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहून गेले की एडवर्ड स्नोडेननं जगावर उपकार केले. त्या एका वाक्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. काही जण चिडलेत, काही खूश आहेत, आणि बऱ्याच जणांना तो नक्की कोण आणि त्यानं काय केलं हेच नीट आठवत नाहीये, ते साहजिकच आहे, २०१३ सालची गोष्ट, अमेरिकेचं हेरखातं लोकांवर कशी पाळत ठेवतं याचे गुप्त कागद त्यानं बाहेर काढले होते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सैन्यात २४ वर्षं नोकरी करून आता गावी शेती बघतो, तुमचा कॉलम सूनबाई मोबाईलवर वाचून दाखवते. तुमचं ते वाक्य मला अजिबात पटलं नाही. माझा पुतण्या न्यू जर्सीला आयटीत आहे, तो दिवाळीला आला होता तेव्हा याच विषयावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणतो स्नोडेन हिरो, मी म्हणतो ज्यानं गुप्ततेच्या कागदावर सही करून नोकरी घेतली आणि देशाची गुपितं घेऊन पळाला तो सूर्याजी पिसाळच. आम्हीपण सह्या केल्या होत्या, आम्हालाही खूप काही माहीत होतं, बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. मग आम्ही काय मूर्ख होतो का? (जिल्हा सातारा)

उत्तर : काका, नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला, म्हणून तिथूनच सुरू करते. नाही, तुम्ही मूर्ख नव्हता. कुठली तुकडी कुठे हलणार, कुठल्या चौकीवर किती माणसं, रसद कुठल्या वाटेनं येते, ही गुपितं सांभाळायचीच असतात, त्यावर पोरांचे जीव असतात, आणि तुम्ही ती सांभाळलीत यासाठी मी तुम्हाला हात जोडते. पण काका, ती गुपितं शत्रूपासून लपवलेली होती. स्नोडेनचा जो पहिला कागद छापून आला तो अमेरिकेच्या सरकारनं स्वतःच्याच लोकांपासून लपवला होता, माझा सगळा मुद्दा या एका फरकावर उभा आहे.

तो कागद काय होता ते सांगते. परदेशी हेरगिरीची प्रकरणं बघायला अमेरिकेत १९७८ च्या फायसा कायद्यानं एक वेगळं कोर्ट काढलंय, तिथं सुनावणी बंद दाराआड होते आणि त्या काळात तरी फक्त सरकारचा वकील बोलायचा, दुसरी बाजू मांडायला कोणी नसायचं. १९७९ पासून २०१२ पर्यंत सरकारनं तिथं केलेल्या ३३ हजारांपेक्षा जास्त अर्जांपैकी फक्त ११ नाकारले गेले. त्या कोर्टानं एप्रिल २०१३ मध्ये व्हेरायझन या फोन कंपनीला ऑर्डर दिली की कॉलच्या सगळ्या नोंदी, म्हणजे कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, कधी, किती वेळ, रोजच्या रोज एनएसएला म्हणजे नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या अमेरिकन हेरखात्याला द्यायच्या. संशयितांच्याच असं नाही, सगळ्यांच्या. आणि ही ऑर्डर आहे हे कंपनीनं कोणाला सांगायचंही नाही. ५ जूनला गार्डियननं ती छापली. लगेच दुसऱ्या दिवशी प्रिझमची बातमी आली, मायक्रोसॉफ्ट, याहू, गूगल, फेसबुक, ॲपल धरून नऊ कंपन्यांकडून लोकांचे मेल, चॅट, फोटो मिळवायची योजना (कंपन्यांनी आमच्या सर्व्हरला थेट दार उघडून दिलेलं नाही असं सांगितलं). स्नोडेन तेव्हा २९ वर्षांचा, हवाई बेटावर एनएसएच्या कामावर होता, पण नोकर बूझ ॲलन हॅमिल्टन या कंत्राटदार कंपनीचा.

आता याच्या तीनच महिने आधीचं बघा. १२ मार्च २०१३, सिनेटची सुनावणी, टीव्हीवर सगळ्यांना दिसतेय. सिनेटर रॉन वायडन अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर खात्यांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सरळ विचारतात, एनएसए कोट्यवधी अमेरिकन लोकांचा कुठल्याही प्रकारचा डेटा गोळा करते का? उत्तर आलं, नो सर. पुन्हा विचारलं तर म्हणाले, जाणूनबुजून नाही. वायडन स्वतः गुप्तचर समितीवर होते, खरं उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते गुप्त असल्यामुळे त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. म्हणजे कोर्ट बंद दाराआडचं, कंपनीला बोलायला मनाई, सिनेटरचे हात बांधलेले आणि अधिकारी सिनेटपुढे खोटं सांगतोय. मग त्या देशातल्या माणसाला कळणार कुठून, तुम्हीच सांगा. क्लॅपरनी पुढे पत्र लिहून उत्तर चुकीचं होतं हे मान्य केलं, त्यांच्यावर खटला कधीच झाला नाही.

गद्दार या शब्दाबद्दल. अमेरिकेच्या राज्यघटनेतच देशद्रोहाची व्याख्या आहे आणि ती मुद्दाम अगदी अरुंद ठेवलीये, देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला सामील होऊन त्याला मदत करणं, आणि तेही एकाच कृत्याचे दोन साक्षीदार हवेत नाहीतर भर कोर्टात कबुली हवी. हा आरोप तिथल्या सरकारनंसुद्धा स्नोडेनवर ठेवलेला नाही. ठेवलेत ते तीन, सरकारी मालमत्तेची चोरी एक आणि १९१७ च्या हेरगिरी कायद्याखालचे दोन. आणि सूर्याजी पिसाळाचं म्हणाल तर आपण लहानपणापासून जी गोष्ट ऐकत आलोय (इतिहासकारांचे त्यावर वाद आहेत, ते इथे सोडू) तिच्यात तो वाईच्या देशमुखीसाठी रायगडाचा दरवाजा मोगलांना उघडून देतो. स्नोडेनला कुठली देशमुखी मिळाली? चांगल्या पगाराची नोकरी गेली, हवाईतलं घर गेलं, आईवडील आणि देश कायमचे लांब गेले. कागद त्यानं पत्रकारांच्या हातात दिले आणि त्यातलं काय छापणं लोकांच्या हिताचं आहे ते तुम्ही ठरवा असं सांगितलं. ९ जूनला स्वतःहून नाव जाहीर केलं.

पण काका, तुमचा राग मी पूर्ण खोडून काढणार नाही, कारण सगळ्याच बाबतीत मला त्याची बाजू घेता येत नाही. हाँगकाँगमध्ये असताना त्यानं तिथल्या साऊथ चायना मॉर्निंग पोस्टला एनएसए चीन आणि हाँगकाँगमधले कॉम्प्युटर कसे हॅक करते याची माहिती दिली. दुसऱ्या देशावर नजर ठेवणं हे हेरखात्याचं कामच आहे, चीनही तेच करतो, त्यात अमेरिकेच्या नागरिकाचा कुठला हक्क मारला जात होता? ते त्यानं करायला नको होतं. अमेरिकेच्या संसदेच्या समितीनं २०१६ मध्ये म्हटलं की त्यानं १५ लाख कागद नेले आणि बहुतेकांचा लोकांच्या खासगीपणाशी संबंधच नव्हता. आकड्याबद्दल वाद आहे, पण स्वतः न वाचलेले कागद गठ्ठ्यानं उचलून दुसऱ्यांच्या हवाली करणं हा धोका होताच, एकदा तर एका वर्तमानपत्राकडून कागदावरचं नाव नीट झाकलं गेलं नाही आणि एनएसएच्या एका कर्मचाऱ्याचं नाव बाहेर आलं. हे तुमच्यासारख्या माणसाला खटकणारच, मलाही खटकतं.

तरी वजन कुठे पडतं म्हणाल तर माझ्या मते पुतण्याच्या पारड्यात. कारण त्या पहिल्या कागदाचं पुढे काय झालं ते बघा. १६ डिसेंबर २०१३ ला न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी म्हटलं की ही योजना बहुधा घटनाबाह्य आहे, अकरा दिवसांनी न्यूयॉर्कच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी ती कायदेशीर ठरवली, मग ७ मे २०१५ ला वरच्या कोर्टानं सांगितलं की ज्या पेट्रियट ॲक्टच्या, म्हणजे २००१ च्या हल्ल्यांनंतर आलेल्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, आधारावर हे चाललं होतं त्यात हे बसतच नाही, आणि तो कायदा ज्यांनी संसदेत आणला होता त्या जिम सेन्सेनब्रेनर यांनीही आमचा हा हेतू नव्हता असं आधीच सांगितलं होतं. २ जून २०१५ ला नवा कायदा झाला आणि ही घाऊक गोळाबेरीज बंद करायचं ठरलं. २०२० मध्ये आणखी एका अपील कोर्टानं ती बेकायदा होती म्हणून शिक्कामोर्तब केलं. सुरक्षेचं काय, तर एनएसएचे प्रमुख सुरुवातीला ५४ कट उधळल्याचं सांगत होते, पण सरकारच्याच प्रायव्हसी बोर्डानं जानेवारी २०१४ मध्ये गुप्त कागद तपासून म्हटलं की फोन नोंदींच्या या योजनेमुळे अमेरिकेवरच्या धोक्याच्या तपासात ठोस फरक पडला असं एकही उदाहरण आम्हाला सापडलं नाही. एकही नाही, काका. ज्या दिवशी त्यानं तो कागद दिला त्या दिवशी तो गुन्हा होता आणि दोन वर्षांनी कोर्ट म्हणालं की बेकायदा तर ही योजनाच होती.

प्रश्न : ताई, पण त्या फोनच्या केसमध्ये बोलणं कोणी ऐकतच नव्हतं ना, फक्त नंबर आणि वेळ, मेटाडेटा. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, आम्ही रोज असला डेटा हाताळतो, त्यात माणूस कुठे दिसतो? आणि मला तसंही लपवण्यासारखं काही नाहीये. (पुणे)

उत्तर : तुला माझ्या आत्याची गोष्ट सांगते. सत्तरच्या दशकात ती कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागायचा, ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाईटनिंग, लाईटनिंग सगळ्यात महाग, तो लोक अगदीच नाइलाज असेल तरच लावायचे. आत्या बोर्डावर लाईन जोडून द्यायची, कोणाचं बोलणं ऐकायची मुभा नव्हती आणि ती ऐकायचीही नाही, त्या बाबतीत फार कडक होती. पण एखाद्या घरातून रात्री अकराला डॉक्टरांकडे फोन, अर्ध्या तासानं पुन्हा डॉक्टरांकडे, आणि पहाटे मुंबईला लाईटनिंग कॉल, दोन मिनिटांचा. आत्या सकाळी घरी आली की कोणाचं नाव काढायची नाही, गुपचूप पिठलं-भाकरी करायला घ्यायची आणि डबा त्या घरी पोचवायची. त्या घरातलं म्हातारं माणूस गेलंय हे तिला एक शब्द न ऐकता कळलेलं असायचं. कोणाचं लग्न ठरतंय, कोणाचा मुलगा पैशासाठी फोन करतो, कोणाच्या घरात धुसफूस आहे, सगळं तिला त्या बोर्डावरून कळायचं, आणि ती देवमाणूस होती म्हणून त्याचा डबा व्हायचा. दुसऱ्या कोणाच्या हातात त्याचं काय झालं असतं याचा विचार कर.

आता हे एका गावाऐवजी अख्ख्या देशाचं कर, आणि आत्याच्या डोक्याऐवजी कॉम्प्युटरमध्ये पाच वर्षं साठवून ठेव, कारण एनएसए त्या नोंदी पाच वर्षं ठेवायची. एका संशयित नंबरपासून तीन पायऱ्या लांबपर्यंत शोधायची परवानगी होती, म्हणजे त्यानं ज्यांना फोन केला ते, त्यांनी ज्यांना केला ते, आणि त्यांनी ज्यांना केला ते. प्रत्येकाच्या फोनमध्ये १०० जण धर, गुणाकार तू माझ्यापेक्षा फास्ट करशील, दहा लाख होतात. त्यात पिझ्झावाला आला, दवाखाना आला, शाळा आली. एनएसए आणि सीआयए दोन्हींचे प्रमुख राहिलेले मायकल हेडन २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो. त्यात माणूस दिसत नसता तर मारणार कोणाला?

लपवण्यासारखं काही नाही म्हणतोस, चांगलंय. पण एखाद्या बाईनं नवऱ्याच्या मारहाणीमुळे हेल्पलाईनला फोन केलाय, एखादा कारकून पत्रकाराला भेटतोय, कोणी एचआयव्हीची टेस्ट करून घेतोय, यांना लपवण्यासारखं आहे आणि त्यात त्यांचा काहीच गुन्हा नाही. तू तुझ्यापुरता हक्क सोडलास तर सोड, त्यांचा तू कसा सोडणार.

प्रश्न : मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत होतो. काही चुकीचं दिसलं तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करायची, ही पद्धत. ती सोडून थेट पेपरवाल्यांकडे जाणं मला पटत नाही. (नागपूर)

उत्तर : पद्धत बरोबर आहे आणि बहुतेक वेळा तीच वापरायला हवी. पण स्नोडेनच्या आधी एनएसएमध्ये ज्यांनी ती वापरली त्यांचं काय झालं ते ऐका. विल्यम बिनी तिथं तीस वर्षांच्या वर नोकरी केलेला मोठा गणिती, थॉमस ड्रेक वरिष्ठ अधिकारी. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर एनएसए काय करायला लागलीये याबद्दल त्यांनी आतल्या आत, नियमाच्या वाटांनी तक्रारी केल्या. २००७ मध्ये दोघांच्याही घरावर एफबीआयचे छापे पडले, बिनींवर तर बंदूक रोखली. ड्रेक पुढे एका पत्रकाराशी बोलले होते, पण गुप्त कागद दिले नाहीत असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. २०१० मध्ये त्यांच्यावर दहा आरोप ठेवले गेले, ३५ वर्षं आत जायची पाळी, आणि २०११ मध्ये खटला सुरू व्हायच्या तोंडावर सरकारनं ते सगळे मागे घेऊन कॉम्प्युटरच्या गैरवापराच्या एका किरकोळ गुन्ह्यावर मिटवलं. न्यायाधीशांनी सरकारला त्याबद्दल सुनावलं. पण तोपर्यंत ड्रेकची नोकरी, पेन्शन, साठवलेले पैसे सगळं गेलं होतं.

स्नोडेननं हे बघितलेलं होतं, तो ते स्वतः सांगतो. शिवाय तो कंत्राटी माणूस, सरकारी नोकरांना जे थोडंफार संरक्षण होतं तेही त्याला पुरतं लागू नव्हतं. त्यानं आत तक्रार केली की नाही यावर वाद आहे, तो म्हणतो केली, एनएसएला त्याचा एकच मेल सापडला आणि त्यात तक्रार नव्हतीच असं त्यांचं म्हणणं. पण समजा केली असती तरी कोणाकडे? ही योजना गुप्त कोर्टानं मंजूर केलेली, राष्ट्राध्यक्षांना माहीत असलेली, संसदेच्या गुप्तचर समित्यांना माहीत असलेली. वरिष्ठांना माहीत नसेल तर वरिष्ठांकडे तक्रार करता येते, साहेब. इथे तर आदेशच वरून आला होता.

प्रश्न : एवढा देशभक्त होता तर रशियात कशाला गेला? आता तर तिथला नागरिक झालाय. (कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. त्याला रशियात राहायचं नव्हतं. २३ जून २०१३ ला तो हाँगकाँगहून मॉस्कोमार्गे दक्षिण अमेरिकेत जायला निघाला, पण अमेरिकेनं पासपोर्ट रद्द केलेला होता, त्यामुळे शेरेमेत्येवो विमानतळावरच अडकला आणि ३९ दिवस तिथंच राहिला. तेवढ्यात त्याच्या वतीनं २१ देशांकडे आश्रयाचे अर्ज गेले. त्यात भारत होता हे किती जणांना माहितीये? २ जुलैला आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं नकार कळवला. त्याच दिवशी बोलिव्हियाचे अध्यक्ष इव्हो मोरालेस मॉस्कोहून घरी निघाले होते, स्नोडेन त्यांच्या विमानात आहे अशी अफवा उठली आणि युरोपातल्या काही देशांनी आपल्या हद्दीतून उडायला वाट दिली नाही, एका देशाच्या अध्यक्षांना व्हिएन्नात उतरून रात्र काढावी लागली. अशा वेळी साधा माणूस कुठे जाणार होता?

पुढचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. २०१६ मध्ये रशियानं लोकांचे फोन-मेसेज साठवायचा कायदा केला तेव्हा तो त्याविरुद्ध उघड बोलला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला होऊन सात महिने झालेले असताना, पुतिननी त्याला नागरिकत्व दिलं, आणि त्या युद्धाबद्दल तो तितक्या मोकळेपणानं बोलताना दिसत नाही. बायको आणि लहान मुलं तिथंच आहेत, भीती मी समजू शकते. पण लोकांपासून काही लपवू नका म्हणणारा माणूस अशा सरकारच्या मेहेरबानीवर जगतोय, आणि याला तो जेवढा जबाबदार आहे तेवढाच त्याचा पासपोर्ट रद्द करणारा देशही आहे आणि दार न उघडणारे आपण सगळेही.

प्रश्न : अमेरिकेचं अमेरिका बघेल. आपला काय संबंध? (ठाणे)

उत्तर : खूप जवळचा. स्नोडेनच्या कागदांतच एक तक्ता होता, एनएसए कुठल्या देशातून किती माहिती उचलते याचा. मार्च २०१३ या एका महिन्यात जगभरातून ९,७०० कोटी नोंदी, त्यात इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि पाचवा नंबर भारताचा, ६३० कोटी. मित्रदेश म्हणवणाऱ्या भारताचा. वॉशिंग्टनमधल्या आपल्या वकिलातीवरही नजर होती. २०१४ मध्ये बाहेर आलेल्या यादीत तर ज्या परदेशी राजकीय पक्षांवर नजर ठेवायला २०१० मध्ये परवानगी दिली गेली त्यात भाजपचं नाव होतं, तोपर्यंत तो पक्ष दिल्लीत सत्तेवर आलेला, सरकारनं अमेरिकी अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला. आणि त्याच्या आधी २०१३ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद काय म्हणाले होते, तर ही खरी हेरगिरी नाही, फोन आणि मेलच्या पॅटर्नचं कॉम्प्युटरवरचं ॲनालिसिस आहे. मला ते वाचून तेव्हाही राग आला होता. ज्या माणसामुळे आपल्याला हे कळलं त्याला आपण दारातूनच परत पाठवलं.

आणि आपल्या घरातलं काय? सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की फोन टॅपिंग हा खासगीपणावरचा घाला आहे, आदेश गृहसचिवांच्याच पातळीवर निघायला हवा, दोन महिन्यांची मुदत, जास्तीत जास्त सहा, नंतर समितीनं तपासायचं. ऐकायला छान वाटतं. पण माहिती अधिकारातल्या एका उत्तरात केंद्रानंच सांगितलं होतं की महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश निघतात. ९,००० म्हणजे दिवसाला ३००, सुट्टीचे दिवस धरून. एक सचिव रोज ३०० माणसांच्या फाईली वाचून, विचार करून सही करतो यावर कोण विश्वास ठेवेल? अमेरिकेत निदान एक गुप्त कोर्ट तरी आहे, आपल्याकडे न्यायाधीशाचा त्यात हातच नाही. आणि हे कोणी बाहेर आणलं तर १९२३ चा इंग्रजांचा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट तयार आहे.

प्रश्न : ताई, मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. ऑफिसात पैशांचे गैरव्यवहार दिसतात. तक्रार करायची आहे पण नाव फुटायची भीती वाटते. (मुंबई)

उत्तर : तुमचा विषय भ्रष्टाचाराचा आहे म्हणून एक वाट आहे. २००४ च्या केंद्र सरकारच्या ठरावाप्रमाणे केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार पाठवता येते. पाकिटावर ही पीआयडीपीआयखालची (पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स, हे त्या ठरावाचंच नाव) तक्रार आहे असं लिहायचं, स्वतःचं नाव-पत्ता पाकिटावर अजिबात टाकायचा नाही, आतल्या पत्रात टाकायचा, निनावी तक्रार ते घेत नाहीत. तुमची ओळख गुप्त ठेवणं आयोगावर बंधनकारक आहे. कागदांच्या कॉप्या घरी सुरक्षित ठेवा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून यातलं काहीही करू नका.

हा ठराव आला कशामुळे ते विसरू नका. सत्येंद्र दुबे हा राष्ट्रीय महामार्गाचा तरुण इंजिनिअर, त्यानं रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, माझं नाव गुप्त ठेवा असं लिहूनसुद्धा पत्र नावासकट टेबलाटेबलावर फिरलं, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळ्या घातल्या. कोर्टानं पुढे तो लुटीसाठी झालेला खून ठरवला. पण पत्र फिरवणाऱ्यांनी त्याचं नाव का झाकलं नाही हा प्रश्न त्या निकालानं सुटत नाही. अशा लोकांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेनं मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून लागूच केलेला नाही.

प्रश्न : तुमचं सगळं मान्य केलं तरी कायदा मोडलाय ना? मग शिक्षा नको का? परत येऊन खटला का लढत नाही? (मडगाव)

उत्तर : कायदा मोडलाय. आणि परत यावं, कोर्टापुढे उभं राहावं, हे मलाही वाटतं, ओबामांचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनीही पद सोडल्यानंतर, २०१६ मध्ये असंच म्हटलं होतं, त्यानं लोकांची एक सेवा केली पण परिणाम भोगायला हवेत. स्नोडेन स्वतः २०१९ मध्ये म्हणाला की मी यायला तयार आहे, अट एकच, मी हे का केलं ते मला ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना, सांगू द्या.

आणि तिथंच सगळं अडलंय. हेरगिरी कायद्यात का हा प्रश्नच नाही. कागद गुप्त होता का, तुम्ही तो दिला का, बस. पैशासाठी शत्रूला विकला की देशाला सावध करायला छापायला दिला, याचा दोषी ठरण्याशी काही संबंध नाही. विकिलीक्सला लष्कराचे गुप्त कागद देणाऱ्या चेल्सी मॅनिंगला लष्करी कोर्टानं २०१३ मध्ये ३५ वर्षं दिली, सात वर्षं आत काढल्यावर ओबामांनी शिक्षा कमी केली म्हणून बाहेर. रिॲलिटी विनर या तरुणीनं एकच अहवाल बाहेर दिला, तिला पाच वर्षं तीन महिने. खटला पूर्ण चालवून कारण ऐकवण्याची सोय असती तर शिक्षा व्हावी असं मी बिनदिक्कत म्हटलं असतं, कमी-जास्त न्यायाधीशांनी ठरवावी.

डॅनियल एल्सबर्ग यांनी १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचा ७,००० पानांचा गुप्त इतिहास वर्तमानपत्रांना दिला होता, आज त्यांना तिथं सगळे मान देतात. त्यांच्यावरचे आरोप जोडले तर ११५ वर्षं होत होती. खटल्यात ते साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यांच्याच वकिलानं विचारलं, तुम्ही या कॉप्या का केल्या? सरकारी वकील उठले, हा प्रश्न गैरलागू आहे म्हणाले, आणि न्यायाधीशांनी ती हरकत मान्य केली. पुढे ११ मे १९७३ ला खटला रद्द झाला तो सरकारनंच त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं आणि बेकायदा फोन ऐकले हे उघडकीला आलं म्हणून. त्या ज्युरीला त्या प्रश्नाचं उत्तर कोर्टात कधीच ऐकायला मिळालं नाही. एल्सबर्ग २०२३ मध्ये गेले, स्नोडेन पळून गेला ते बरोबरच झालं असं ते शेवटपर्यंत म्हणत होते.